बाजाराच्या गावची बँक

चौथीत असताना गुरुजींनी बेटाची व्याख्या पाठ करून घेतली होती. चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. मी उभं राहून विचारलं, "गुरुजी, मंग आपलं गाव बेट हाय का?" सगळी पोरं हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "पावसाळ्यात हाय. उन्हाळ्यात नाही."

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यातल्या बंदी भागात आहे. बंदी भाग म्हणजे पैनगंगेच्या काठचा जंगलपट्टा. गावाच्या एका अंगाला पैनगंगा, तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा. दोन अंगांना नाले. चौथ्या अंगाला सागाचं जंगल, जे आता अभयारण्य आहे. आंध, बंजारा, गोंड, कोलाम अशी सगळी वस्ती. श्रावणात नदी फुगली आणि नाले भरले की आम्ही आतले आत आणि बाहेरचे बाहेर. आजही फार फरक नाही. 2023 च्या जुलैत शेजारच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्यानं वेढा दिला, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती.

पण मला पाण्याच्या बेटाबद्दल लिहायचं नाही. पाणी दोन दिवसांत उतरतं. मला पैशाच्या बेटाबद्दल लिहायचं आहे. आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर बाजाराचं गाव आहे. तिथं एक बँक आली होती, छत्तीस वर्षं राहिली आणि गेली. ती आली तेव्हा काय झालं आणि गेली तेव्हा काय झालं, हे पाहिलेली माणसं आता कमी होत चालली, म्हणून लिहून ठेवतो. त्या गावाचं आणि बँकेचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथं नोकरी करून गेलेल्या माणसांशी माझं भांडण नाही, आणि जे झालं ते काही एकट्या त्या बँकेत झालं नाही.

सुरुवात आज्यापासून करावी लागते. माझ्या आज्याच्या तोंडी दोन प्रकारच्या रुपयांची नावं असायची, हाली आणि कलदार. लहानपणी मला ती बैलांची नावं वाटायची. नंतर कळलं. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पैनगंगा ही हद्द झाली. नदीच्या अलीकडे आम्ही इंग्रजांच्या अमलात, पलीकडे निजामाचं राज्य. पलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, अलीकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारला एकशे सोळाच्या वर हाली मोजावे लागत. नदी एकच, सोयरीक दोन्ही काठांवर, पण पैसा वेगळा. आज्या पलीकडे बैल विकायला गेला की येताना हाली रुपये घेऊन यायचा आणि बाजारात बसलेला माणूस बट्टा कापून ते बदलून द्यायचा. हैदराबाद संस्थान 1948 च्या सप्टेंबरात भारतात आलं आणि पुढं काही वर्षांत हाली बंद झाला. आज्या मात्र मरेपर्यंत रुपयाला कलदारच म्हणत राहिला.

म्हणजे पैसा काय असतो आणि तो बदलून घ्यायला माणूस लागतो, हे आमच्या भागाला बँकेच्या आधीपासून माहीत होतं.

कापसाचंही तसंच. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच कापसासाठी पुढं मूर्तिजापूर ते यवतमाळ छोटी रेल्वे टाकली, एकशे तेरा किलोमीटर, जिला लोक शकुंतला म्हणतात. ती आमच्याकडे आलीच नाही. आमचा कापूस बंडीनं जायचा आणि पैसा बंडीनंच यायचा. मधे सावकार बसलेला.

सावकारावर पुस्तकांतून पुष्कळ लिहून झालं आहे, आणि ते खोटं नाही. पेरणीला ज्वारी द्यायचा ती सवाईनं, नाहीतर दिडीनं. एक मण नेली की खळ्यावर दीड मण मोजायची. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. आमच्या घराण्याचं नदीकाठचं सहा एकर त्या अंगठ्यातच गेलं. तरी मी एकदा आज्याला विचारलं, "आबा, सावकार लई वाईट होता का?" आज्या म्हणाला, "वाईट तं होताच. पण रातच्याला दार वाजवलं तरी उघडत होता." हे वाक्य मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं असं नाही, पण आठवतं मात्र वारंवार.

सावकाराला तोड म्हणून सहकारी संस्था आल्या. त्यांचा कायदा तसा जुना, 1904 चा. पण कायदा होणं वेगळं आणि तो गावात पोचणं वेगळं. 1951 च्या सुमारास रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकरी जे कर्ज काढत होता त्यात शंभर रुपयांतले तीनच रुपये सहकारी संस्थांचे निघाले. सत्तरच्या आसपास सावकारांचे. आमच्याकडे सोसायटी आली ती माझ्या बापाच्या काळात. जिल्हा बँकेकडून सोसायटीला पैसा, सोसायटीकडून सभासदाला. गटसचिव सायकलवर यायचा. मार्च महिन्यात "नवं-जुनं" व्हायचं. म्हणजे कुठून तरी उसने पैसे आणून जुनं कर्ज भरायचं आणि आठ-पंधरा दिवसांत नवं उचलून उसने परत करायचे. त्या आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे देणारा कोण? तोच सावकार. पण पिकाला कर्ज मिळू लागलं हे खरं. दुकानदाराला, शिंप्याला, लोहाराला मात्र सोसायटीत काही नव्हतं. सोसायटी शेतकऱ्याची होती.

बँक आली ती या माणसांसाठी.

1969 सालच्या 19 जुलैला चौदा बँका सरकारच्या झाल्या. 1975 च्या 2 ऑक्टोबरला देशात पहिल्या पाच ग्रामीण बँका उघडल्या. आणि 1977 साली रिझर्व्ह बँकेनं एक नियम केला, जो फार कमी लोकांना माहीत आहे. जिथं आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा उघडायची असेल, तर जिथं बँकच नाही अशा ठिकाणी चार उघडायच्या. आमच्यासारख्या आडवळणाच्या मुलखात बँक आली ती काही आमची फार उलाढाल पाहून नाही, या नियमानं आली. मुंबई-पुण्याच्या एखाद्या शाखेच्या पुण्याईनं आमच्या बाजारच्या गावात तिजोरी आली, असं मी पोरांना सांगतो.

ते साल 1982. मी दहावी होऊन शेतीत पडलो होतो. तिजोरी ट्रकमधून आली. ती उतरवायला बारा माणसं, सब्बली आणि सागाचे ओंडके लागले. माडीवाल्या घराच्या खालच्या खोलीत ती बसवली, नारळ फोडला, आणि ज्या बारा जणांनी ती ओढली त्यांचीच पहिली खाती उघडली. त्यात मी एक. पासबुक मिळालं ते मी घरी सात-बाराच्या उताऱ्यासोबत पेटीत ठेवलं.

पहिले मॅनेजर साहेब कुटुंब घेऊन राहायला आले. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांची बायको गुरुवारच्या बाजारात आमच्या बायकांसोबत भाव करायची. त्यांचं पोरगं आमच्या शाळेत होतं. मी बैलजोडीसाठी साडेतीन हजार मागितले तेव्हा साहेब मोटारसायकलवर माझ्या वावरात आले. धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली. म्हणाले, "बैलाचे दात तुम्ही पाहा, कागद मी पाहतो." बाजारात जोडी घेताना ते स्वतः उभे होते. ते कर्ज मी तीन वर्षांत फेडलं. फेडलं नसतं तर दर गुरुवारी साहेबांच्या बायकोसमोर तोंड कसं दाखवलं असतं? बँकेच्या वसुलीचं हे कलम कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्या वेळी एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना देशभर सुरू झालेली होती. थोडं अनुदान, बाकी कर्ज. त्यातून शेळ्या वाटल्या, म्हशी वाटल्या. खोटं कशाला बोलू, त्यातल्या काही शेळ्या कागदावरच व्याल्या आणि कागदावरच मेल्या. विम्यासाठी कानातला बिल्ला दाखवावा लागे, तर काहींनी कान कापून बिल्ला नेला आणि शेळीचं मटण केलं. पण सगळंच तसं नव्हतं. शिंपीमामाला शिलाई मशीन मिळाली. एका आंध पोरानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिरणीवाल्यानं डिझेल इंजिन घेतलं. आणि माझ्यासोबत दहावीला असलेल्या माझ्या मित्रानं पाच हजारांचं कर्ज काढून किराणा दुकान टाकलं. त्याला जामीनदार मी होतो.

आता बाजाराचं गाव कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

बाजार गुरुवारी. महाराष्ट्रात 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. खासगी व्यापाऱ्याला कापूस विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच घालायचा. चुकारा चेकनं मिळायचा, तोही हप्त्यांनी आणि उशिरा. चुकाऱ्याचा दिवस असला की बँकेची रांग हॉटेलच्या भट्टीपर्यंत जायची. हॉटेलवाला त्या दिवशी दुप्पट बेसन भिजवायचा. मी बँकेतून पाचशे काढले की आधी मित्राच्या दुकानाची उधारी द्यायचो, मग शिंपीमामाकडे पोरांचे कपडे टाकायचो, कासारणीकडून बायकोला बांगड्या, लोहाराकडे पाजवलेला फास. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी झाली की तोच प्रकार. मोहफुलं, डिंक, चारोळी विकून आलेल्या बायका मीठ-मिरची आणि लुगडं तिथंच घ्यायच्या. संध्याकाळी चार वाजायच्या आत दुकानदार गल्ला घेऊन बँकेत भरायला यायचे. म्हणजे सकाळी माझ्या हातात आलेली शंभराची नोट चार हात फिरून त्याच तिजोरीत मुक्कामाला जायची. साहेब एकदा गमतीनं म्हणाले होते, "पाटील, तुमच्या गावच्या नोटा मला तोंडओळखीनं माहीत झाल्यात."

बँक काही कुणाला श्रीमंत करत नव्हती. तिनं फक्त पैशाला गावात थांबायला जागा दिली होती.

माझी माय निरक्षर. नव्वदच्या दशकात साक्षरतेचं अभियान आलं, रात्री कंदिलावर वर्ग भरायचे. माय सही शिकली. बँकेत जाऊन तिनं पहिल्यांदा सही केली तेव्हा कॅशिअरनं उभं राहून नमस्कार केला. माय आठ दिवस घरात तेच सांगत होती.

उतार कधी लागला, याची तारीख सांगता येत नाही. 1990 साली दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी झाली. त्याच साली तो एकाला चार शाखांचा नियमही गेला. 1991 नंतर बँकांना नफा दाखवा असं सांगण्यात आलं. नफा दाखवायचा म्हटलं की बंदी भागातली शाखा कुणाच्या डोळ्यात भरणार? आधी सहा माणसं होती, चार झाली, मग दोन. नवे मॅनेजर तालुक्याला राहू लागले. पुढं तर दूरच्या राज्यातले साहेब यायला लागले. त्यांना आमची भाषा येईना, आम्हाला त्यांची. त्यांचाही दोष नाही. वर्ष-दोन वर्षांत बदली, त्यात वावर कुणाचं आणि धुरा कुणाचा हे कधी कळणार? वावरात येणं बंद झालं, तिथून कर्ज कागदावर आलं.

मधल्या काळात कापसाची एकाधिकार खरेदी गेली. आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या कारणानं जगभर झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी इथं लिहीत नाही, त्या घरांची मी काय उजळणी करू! 2006 च्या 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. 2008 ला मोठी कर्जमाफी झाली. तिच्यात पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं कर्ज पूर्ण माफ होतं, त्यावरच्याला काही भाग भरावा लागणार होता. पण आमच्या कोरडवाहू बरड जमिनीत आठ एकरवाला हा बागायतीतल्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो. तो कागदावर मोठा शेतकरी ठरला. पुढं 2017 ला दीड लाखापर्यंत, 2019 ला दोन लाखांपर्यंत माफी झाली. माफी मिळाली त्याचं भलं झालं, नाही कशाला म्हणू. पण दर माफीनंतर एक गोष्ट घडायची. बँकेचं दार उघडं असायचं आणि कर्जाचं बंद. "तुमचं नाव यादीत आहे, यादी वरून यायची आहे," असं ऐकत पेरणी निघून जायची.

बँकांच्या पाट्याही बदलत गेल्या. आमच्या जिल्ह्याच्या नावाची यवतमाळ ग्रामीण बँक होती. ती आधी विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँकेत गेली, 2013 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली, आणि 1 मे 2025 पासून सगळ्या राज्याची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. सरकारी बँकाही एकमेकींत मिसळल्या. मोठी बँक मजबूत असते म्हणतात, असेल. पण यवतमाळ गेलं, मग विदर्भ गेलं. खेड्यातल्या माणसाला तक्रार करायला जायचं गाव दर वेळी लांब गेलं, एवढं मात्र खरं.

मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत "लिंक" हा शब्द आला. हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. लिंक नाही म्हणजे बँक उघडी आहे, साहेब आहेत, तिजोरीत पैसे आहेत, खात्यात पैसे आहेत, पण मिळणार नाहीत. जंगलातून आलेली तार कधी झाड पडून तुटे, कधी माकडं लोंबकळून. लोक नऊ-दहा किलोमीटर चालत यायचे आणि लिंकची वाट पाहत ओट्यावर झोपायचे.

2016 च्या 8 नोव्हेंबरला, मंगळवारी रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. बुधवारी बँका बंद होत्या, गुरुवारी उघडल्या. आणि गुरुवार आमचा बाजार. तो बाजार मी जन्मात विसरणार नाही. माळवं मांडलेलं, माणसं आलेली, आणि कुणी काही घेईना. कापूस वेचणीचा हंगाम, मजुरी द्यायला सुटे पैसे नाहीत. चार दिवसांनी जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, म्हणजे सोसायटीचाही रस्ता बंद. दोन हजाराची नवी नोट मिळाली तर ती मोडून द्यायला अख्ख्या बाजारात कुणी नव्हतं. त्या दोन महिन्यांत आमचा भाग कुणी जगवला? माझ्या मित्राच्या दुकानानं. त्याची लाल वही भरली, दुसरी घेतली, तीही भरली. मीठ, तेल, चहापत्ती, साखर, सगळं वहीवर. कुणाला नाही म्हणाला नाही. व्यापारी त्याला माल देताना रोख मागत होता, तर त्यानं बायकोच्या पाटल्या ठेवल्या.

त्यातली निम्मी उधारी त्याला कधीच परत मिळाली नाही. ज्यांनी बुडवली ती काही चोर नव्हती. त्यांच्याकडेही आली नाही.

2018 ला शाखा हलली. कारणं तीन सांगितली. इमारत जुनी, लिंक मिळत नाही, व्यवहार कमी. तिन्ही खरी होती. शाखा सव्वीस किलोमीटरवर डांबरी रस्त्याच्या गावाला गेली. जुनी तिजोरी कुणाला हलवता आली नाही. ज्या बारा जणांनी ती ओढली होती त्यातले सात तोवर वारले होते. घरमालकानं त्या खोलीत कुटार भरलं. अजून ती तिथंच आहे, कुटाराखाली.

आम्हाला सांगण्यात आलं की आता बँक मित्र येईल, यंत्रावर अंगठा लावला की पैसे. योजना चांगली आहे, पोरगाही चांगला आहे. पण यंत्राला नेटवर्क लागतं. तो बिचारा यंत्र घेऊन देवळामागच्या टेकडीवर बसतो आणि म्हातारी माणसं टेकडी चढतात. पेट्रोल टाकून शहरातून रोकड तोच आणतो. रोकड संपली की अंगठा जुळूनही उपयोग नाही. आणि अंगठा तरी कुठं जुळतो? आयुष्यभर पऱ्हाटी उपटलेली, तेंदूपत्ता तोडलेली, विळा धरलेली बोटं. त्यांच्यावरच्या रेघा केव्हाच पुसल्या.

माझ्या मायचं श्रावणबाळचं अनुदान असं चार महिने अडकलं. पाचव्या महिन्यात तिला टेकडीवर नेलं. एक बोट, दुसरं बोट, दहाही बोटं लावून पाहिली. खाली उतरताना ती म्हणाली, "आधी अंगठा चालत होता. मंग तुमी मले सही शिकवली. आता पुन्हा अंगठा मागून राह्यले, अन् माह्या हाताले अंगठाच राह्यला नाही."

शेवटी तिला काळी-पिवळीत बसवून शाखेत नेलं. जायचे-यायचे दोघांचे दोनशे चाळीस रुपये, चहा-पाणी वेगळं, माझा एक दिवस मोडला. साहेबांनी डोळ्याचं यंत्र लावून काम करून दिलं, चांगले वागले. आणि मग मी काय केलं? हातात पैसे होते, समोर मोठं किराणा दुकान होतं, तेल दोन रुपयांनी स्वस्त होतं. मी महिन्याचा किराणा तिथूनच भरला.

या लेखात मला सांगायचं ते हेच आहे. माणूस जिथं पैसे काढतो, तिथंच खर्च करतो. बँक सव्वीस किलोमीटर गेली, तर बाजारही तिच्यामागं तितकाच गेला. 2024 ला लाडकी बहीणचे दीड हजार महिना सुरू झाले. आमच्या भागातल्या हजारो बायांच्या खात्यात पैसा आला. पण तो काढायला त्या गाड्या भरभरून बाहेर जातात आणि पिशव्या भरून परत येतात. पैसा बंदी भागाच्या नावानं निघतो आणि बंदी भागात पाऊल न टाकता खर्च होतो. तरणी पोरं फोनवरून पैसे देतात, पण त्यालाही नेटवर्क लागतं, आणि दुकानदाराच्या खात्यात जमा झालेले ते पैसे त्याला पुन्हा सव्वीस किलोमीटरवरूनच आणायचे असतात. शिंपीमामाची मशीन बंद झाली. सायकलवाला पुण्याकडे वॉचमन म्हणून गेला. हॉटेलवाला गुरुवारीच भट्टी पेटवतो.

आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही. आठवड्याला हप्ता घेणाऱ्या फायनान्सवाल्यांच्या मोटारसायकली नाल्याला पाणी असलं तरी येतात. बायकांचे गट करून कर्ज देतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना बसवून ठेवतात. कृषी केंद्रवाला बियाणं-खत उधारीवर देतो आणि पीक त्याच्याकडेच घालायला लावतो. परवान्याशिवाय सावकारी करू नये म्हणून 2014 चा कायदा आहे. पण रात्री दार वाजवलं तर उघडणारा माणूस कायद्यानं तयार होत नाही. इथं मला आज्या आठवतो.

मागच्या दिवाळीआधी मित्रानं दुकान बंद केलं. मला आधी सांगितलं नव्हतं. मी गुरुवारी गेलो तर अर्ध्या फळ्या लावलेल्या. आत तो वजनं पोत्यात भरत होता. मी म्हणालो, "काऊन रे, एका शब्दानं सांगायचं तरी होतं." तो म्हणाला, "तुले काय सांगू? तू तरी कुठी येत होता?"

मी गप्प बसलो. त्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, ते त्यानं वेळेत फेडलं. माझ्या दोन पोरींच्या लग्नाचा किराणा त्यानं वर्षभर थांबून दिला. आणि दोन रुपये स्वस्त तेलासाठी मीही डांबरी रस्त्यावरच्या दुकानातून पिशवी भरून आणली होती. बँकेला नावं ठेवणं सोपं आहे. या कामात माझाही हात आहे, हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

त्यानं लाल वही काढली. माझ्या नावावर दोन हजार तीनशे चाळीस निघत होते, नोटाबंदीच्या वेळचे. मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता, पण त्यानं कधी मागितलेही नव्हते. पुढच्या गुरुवारी मी पैसे काढून आणले आणि त्याच्या हातात दिले. त्यानं मोजले, वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि आत चहा सांगितला. चहाला साखर शेजारून आणावी लागली.

गेल्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव घेतला. शाखा परत द्या अशी मागणी आम्ही केली नाही, ती कुणी मान्य करणार नाही हे आम्हालाही कळतं. वर्तमानपत्रात वाचलं होतं की काश्मीरात दल सरोवरात हाऊसबोटीवर तरंगतं एटीएम बसवलं आहे. पाण्यावर जर पैसा जाऊ शकतो, तर जंगलातल्या रस्त्यानं आठवड्यातून एकदा यायला काय हरकत आहे? म्हणून आम्ही एवढंच मागितलं की दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा ते दोन, बँकेचा एक माणूस रोकड घेऊन बाजारात बसावा. खात्यातून पैसे द्यावेत, दुकानदारांचा गल्ला भरून घ्यावा, म्हाताऱ्यांची बोटं जुळली नाहीत तर तोंड पाहून ओळख पटवावी.

ठरावात शेवटी एक ओळ मी आग्रहानं घालायला लावली. टेबल, खुर्ची, सावली आणि चहा गावाचा. माणूस आणि पैसा तेवढा बँकेनं पाठवावा.

अर्जाची पोच माझ्याजवळ आहे. पेटीत ठेवली आहे, सात-बारा आणि त्या जुन्या पासबुकासोबत.